बाग्रादासची लढाई

ज्युलियस सीझर आणि पॉम्पी या दोन सेनानींमधील रोमच्या यादवी युद्धात सीझरच्या पक्षाला आफ्रिकेत पत्करावा लागलेला दारुण पराभव. आजच्या ट्युनिशियातील मेजर्दा नदीला, तेव्हाच्या बाग्रादासला, लागून असलेल्या मैदानात ऑगस्ट इ.स.पू. ४९ मध्ये पॉम्पीच्या बाजूने असलेला, उत्तर आफ्रिकेतील नुमिडियाचा राजा पहिला जुबा याच्या फौजेने सीझरचा सेनापती गायस क्यूरिओ याचे सैन्य कापून काढले.

क्यूरिओ हा फर्डा वक्ता, पण सेनापती म्हणून नवखा. दोन लीजन (रोमन पायदळाच्या मोठ्या पलटणी) व ५०० घोडेस्वार घेऊन तो सिसिलीहून आफ्रिकेत उतरला. त्याच्या पायदळातले बरेच सैनिक काही महिन्यांपूर्वीच इटलीतील कॉर्फिनियम येथे विरोधी पक्षातून सीझरला शरण आलेले होते. तरीही उटिका शहरापाशी त्याने पॉम्पीपक्षीय सेनानी व्हारस याला हरवले. जुबाचे क्यूरिओशी जुने वैर होते: ट्रिब्यून (रोममधील जनतेचा निवडलेला प्रतिनिधी) असताना क्यूरिओने जुबाचे राज्य रोमच्या मालकीचे करण्याचा प्रस्ताव मांडला होता.

जुबा माघारी फिरला असून त्याचा सरदार सबुरा थोड्याच फौजेनिशी पुढे येत आहे, अशी बातमी आली. क्यूरिओने ती पडताळून पाहिली नाही. रात्री पाठवलेल्या त्याच्या घोडदळाने झोपेतल्या नुमिडियनांची कत्तल केली, आणि घात केला तो याच यशाने. कैदी आणि लूट पाहून हुरळलेला क्यूरिओ पायदळासह पुढे धावला. प्रत्यक्षात मुख्य फौजेसह जुबा सबुराच्या मागे सहाच मैलांवर होता. सबुराने माघारीचे नाटक केले आणि क्यूरिओ टेकड्यांचा आसरा सोडून सपाटीवर उतरला. सैनिक सोळा मैल चालून थकलेले होते. रात्रभर दौडलेली घोडी वाटेतच बसली. जेमतेम २०० स्वार सोबत उरले. नुमिडियन घोडेस्वार अंगावर येत, रोमन तुकडी पुढे सरसावली की पांगत आणि ती परतू लागली की तिला घेरत.

घोडदळाचा अधिकारी डोमिशियस याने पळून जाण्याची विनवणी केली. सीझरने सोपवलेले सैन्य गमावून त्याला तोंड दाखवणार नाही, असे म्हणून क्यूरिओ लढत पडला. हा तपशील सीझरनेच नोंदवला आहे, आणि त्याच्या लेखणीत चूक करणाऱ्याबद्दल ममताच अधिक दिसते.

सर्वांत करुण शेवट छावणीत मागे राहिलेल्यांचा झाला. किनाऱ्यावर होड्यांसाठी झुंबड उडाली, काही होड्या माणसांच्या भाराने बुडाल्या. उरलेले व्हारसला शरण गेले. पण जुबाने त्यांना आपली लूट ठरवून बहुतेकांना ठार मारले, आणि व्हारसला ते थांबवता आले नाही. आफ्रिका प्रांत पुढे थॅप्ससच्या लढाईपर्यंत, म्हणजे इ.स.पू. ४६ पर्यंत, पॉम्पीपक्षाच्या ताब्यात राहिला.