हेडफोनमधले सात स्पीकर : पार्श्वभूमी

वायर तुटून निकामी झालेला एक गेमिंग हेडसेट मी मागे उघडून पाहिला होता. खोक्यावर ठळक '7.1' छापलेलं होतं, म्हणजे ऐकणाऱ्याभोवती सात स्पीकर आणि खर्जासाठी आणखी एक. नखाने कानाची गादी ओढून काढली, चार बारीक स्क्रू सोडवले, तर आत दोन्ही बाजूंना एकेकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर. याला फसवणूक म्हणता येत नाही, कारण सातही स्पीकर आकडेमोडीत असतात. खऱ्या अर्थाने बरेच ड्रायव्हर कोंबलेले हेडसेटही बाजारात आले होते, पण ते जड होते आणि ऐकायला फारसे बरे नव्हते.

तरीही एक प्रश्न उरतोच. आवाज शेवटी दोनच कानांत जायचा आहे, तर वाटेत सात स्पीकरांची खोटी खोली कशाला बांधायची? सिनेमाचं समजू शकतं, तिथे ट्रॅकच सहा नाहीतर आठ असतात. गेमचं तसं नाही. बंदूक कुठे झाडली गेली, पाऊल कुठे वाजलं, हे गेमच्या इंजिनाला इंचाइंचाने ठाऊक असतं. तिथून थेट दोन कानांसाठी आवाज काढता येतो. काढला जातही होता. ते का थांबलं, याचं कारण ध्वनिशास्त्रापेक्षा एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतिहासात जास्त सापडतं.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. 1881 च्या पॅरिसमधल्या विद्युत प्रदर्शनात ऑपेराचा आवाज दोन रिसीव्हर दोन कानांना लावून लोकांना ऐकवला गेला. 1933 मध्ये शिकागोला कानांच्या जागी मायक्रोफोन बसवलेला पुतळा काचेआड ठेवून प्रेक्षकांना त्याच्या 'कानांनी' ऐकवलं. 1973 मध्ये बर्लिनमध्ये कृत्रिम डोक्यावर ध्वनिमुद्रित केलेलं रेडिओ नाटक वाजलं. हे सगळं होता तसा आवाज टिपून पोचवण्यापुरतं. कुठलाही सुटा आवाज घेऊन तो हवा तिथे 'ठेवणं' याला गणित लागतं.

गणिताचा पाया असा. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानापर्यंत फार तर 0.6-0.7 मिलिसेकंद उशिरा आणि थोडा दबून पोचतो. त्यावरून डावं-उजवं कळतं. पुढे-मागे आणि वर-खाली कळतं ते मुख्यतः कानाच्या वळ्यांमुळे, कारण प्रत्येक दिशेचा आवाज त्या वेगळ्या तऱ्हेने गाळतात. या गाळणीचं मोजमाप म्हणजे एचआरटीएफ (हेड-रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन). 1994 मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये एका पुतळ्याभोवती 1.4 मीटरवर स्पीकर ठेवून 710 दिशांची मोजणी झाली आणि ती सर्वांना फुकट मिळाली. मूळचा श्रवणयंत्रं तपासण्यासाठी बनवलेला तो पुतळा मग असंख्य प्रयोगांत आपले कान देत राहिला. आपले कान त्याच्यासारखे असतील तर उत्तम. नसतील तर समोरचा आवाज हमखास डोक्यामागे जातो.

आता मुद्द्याचा काळ : 1996 ते 2007. अमेरिकी अंतराळ संशोधनासाठी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एक महागडं यंत्र तयार झालं होतं. ते एका वेळी चार आवाज डोक्याभोवती फिरवू शके. त्यातलं ज्ञान पुढे ए3डी नावाने साध्या पीसी साउंड कार्डात उतरलं. 1998 ची आवृत्ती तर भिंतींवरून परत येणारा आवाजही भूमितीनुसार मोजत होती. त्याच सुमारास सिंगापूरच्या प्रतिस्पर्धी कंपनीने प्रतिध्वनी उभे करणारी आपली ईएएक्स पद्धत आणली, आणि खटलाही भरला. डिसेंबर 1999 मध्ये निकाल ए3डीवाल्यांच्या बाजूने लागला, पण कोर्टकचेरीत पैसा इतका गेला की पुढच्याच वर्षी त्यांचं दिवाळं निघालं, आणि उरलंसुरलं त्या प्रतिस्पर्ध्यानेच विकत घेतलं. जिंकून हरणं म्हणतात ते हेच.

या भांडणापलीकडे दोघांची पद्धत मात्र एकच होती. विंडोजमधल्या डायरेक्टसाउंड3डीसारख्या सोयीमार्फत गेम कार्डाला सांगे : हा आवाज, ही त्याची जागा. पुढचं काम कार्डाचं. तुम्ही हेडफोन निवडला असेल तर ते एचआरटीएफ लावी, चार स्पीकर असतील तर चारांत वाटून देई. गेमला त्याचं सोयरसुतक नसे. ही कामाची वाटणी अतिशय शहाणपणाची होती, असं माझं मत आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

जानेवारी 2007 मध्ये विंडोज व्हिस्टा दुकानांत आलं आणि ही वाट बंद झाली. ध्वनीची सगळी मांडणी नव्याने लिहिली गेली होती. डायरेक्टसाउंडमधून कार्डाच्या हार्डवेअरपर्यंत जाणारा रस्ताच काढून टाकला होता. निर्णयामागे कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. साउंड कार्डांचे ड्रायव्हर (हे सॉफ्टवेअरवाले, मघाचे स्पीकरवाले नव्हेत) कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, धुडगूस घालत. एक गेम, एक चुकलेला ड्रायव्हर, आणि अख्खं मशीन निळ्या पडद्यावर. ज्यांनी तो काळ काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय प्रोसेसर वेगवान झाले होते, आणि कन्सोलवर गेम आधीच आपला आवाज स्वतः मिसळत होते. मग कार्डाला विचारायचंच कशाला?

ही बाजू मान्य केली तरी एक गोष्ट नजरेआड होते. रोग ड्रायव्हरचा होता आणि कापली गेली ती माहिती. नव्या व्यवस्थेत गेमने आवाज स्वतःच मिसळून दोन, सहा किंवा आठ चॅनेल बाहेर द्यायचे, असा शिरस्ता पडला. आवाजाची जागा एकदा चॅनेलांत विरघळली की ती परत काढता येत नाही. 7.1 चे सगळे स्पीकर कानाच्या पातळीवर, एकाच गोलात. वरच्या मजल्यावर वाजलेलं पाऊल आणि शेजारच्या खोलीतलं पाऊल त्याच दोन चॅनेलांतून येऊ लागलं. जुन्या गेम्सचे प्रतिध्वनी तर पार गेले. कार्डवाल्यांनी जुन्या हाका ओपनएएल नावाच्या दुसऱ्या ध्वनिव्यवस्थेत उतरवणारा दुभाष्या काढला, म्हणून काही वाचलं.

हेडफोनवर खेळणाऱ्याने मग काय करायचं? विंडोजला सांगायचं की घरात 7.1 स्पीकर आहेत. गेम विश्वास ठेवून आठ चॅनेल देतो. मधलं सॉफ्टवेअर ते उचलतं, प्रत्येक काल्पनिक स्पीकरच्या जागेची गाळणी लावून दोन कानांत उतरवतं. म्हणजे इंजिनाला अचूक जागा ठाऊक, कानाला अचूक जागा हवी, आणि मध्ये दोघांनाही नको असलेले सात स्पीकर. '7.1 हेडसेट'चा धंदा पुढे या वळणावर बहरला.

तंत्र तयारच होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सिडनीतल्या एका छोट्या कंपनीच्या संशोधनातून डॉल्बी हेडफोन आलं होतं, मूळ हेतू सिनेमाचा 5.1 ट्रॅक हेडफोनवर ऐकवण्याचा. त्यात लहान-मोठ्या तीन खोल्या निवडता येत. (आपल्याकडे 'डॉल्बी' म्हटलं की विसर्जन मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते. तिचा या डॉल्बीशी नावापुरताच संबंध.)

नंतरच्या घडामोडी भराभर आहेत. 2009 च्या सुमारास असं उपकरण विकत मिळू लागलं, की स्वतःच्या कानांत इवले मायक्रोफोन घालून खऱ्या खोलीतले खरे स्पीकर मोजून घ्यायचे. मग हेडफोन लावून डोकं वळवलं तरी ते आभासी स्पीकर जागेवर राहत. किंमत हजारो डॉलर. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांनी दुसरी वाट काढली : बाजारातल्या सॉफ्टवेअरमधून एक टिचकीसारखा आवाज सोडायचा, बाहेर येईल तो टिपायचा आणि त्याची, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या गाळणीची, फाइल करायची. सात स्पीकर गुणिले दोन कान, म्हणून चौदा चॅनेलची डब्ल्यूएव्ही ध्वनिफाइल. अशा फाइली हातोहात फिरतात, आणि त्यांचा मालक कोण हा प्रश्न फारसा कुणी काढत नाही.

2017 मध्ये विंडोज 10 च्या एका अपडेटने गेमला पुन्हा 'हा आवाज, ही जागा' असं सांगायची सोय दिली. दहा वर्षांनी. मात्र आता गाळणी कार्डात नव्हे, सॉफ्टवेअरमध्ये लागते, आणि सगळे गेम ती सोय वापरतात असंही नाही. 2020 मध्ये फोनला जोडलेले इअरबड डोक्याच्या हालचालीनुसार आवाज वळवू लागले; 2022 पासून फोनचा कॅमेरा कानाचा आकारही टिपतो. त्यामानाने 2020 च्या एका कन्सोलची रीत सुरुवातीला साधी होती. पाच तयार एचआरटीएफ दिले होते. एकेक लावायचा, आणि आवाज कानाच्या उंचीवर आहेसा वाटेल तो ठेवायचा. मला तिसरा बरा वाटे. भाच्याला त्याच तिसऱ्यात सगळं कपाळाच्या वर ऐकू येई, म्हणून तो खेळायला बसला की आधी सेटिंग बदले, आणि जाताना पूर्ववत करत नसे.