सिगेत आणि मारामुरेशची गावे

सिगेतू मार्मात्सिएई : रोमानियाच्या उत्तर सरहद्दीवर, तिसा नदीच्या काठी वसलेले छोटे शहर. बोलताना सगळे नुसते ‘सिगेत’ म्हणतात. लोकसंख्या सुमारे 33 हजार (2021). मारामुरेश या प्रदेशाचे हे जुने ठाणे. जिल्ह्याचा कारभार आज गुतिन डोंगरापलीकडच्या बाया मारे शहरातून चालतो. इझा नदी सिगेतजवळ तिसाला मिळते. इझा, मारा आणि विशेऊ या नद्यांच्या खोऱ्यांत लाकडी चर्च, कोरीव वेशीसारखे दरवाजे आणि गवताच्या गंज्या यांसाठी नावाजलेली गावे आहेत. ती पाहायला येणारे बहुतेक प्रवासी सिगेतला रात्र काढतात आणि सकाळी उठून खेड्यांकडे निघतात. शहराला मात्र एक दिवस द्यायलाच हवा, कारण खेड्यांचा अर्धा इतिहास शहरातल्या एका तुरुंगात आहे.

सिगेतचा पहिला लेखी उल्लेख 1326 चा आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. युद्धानंतर तिसा नदी सरहद्द ठरली आणि मारामुरेशचे दोन तुकडे झाले : दक्षिण काठ रोमानियाला, उत्तर काठ चेकोस्लोव्हाकियाला. उत्तरेचा भाग पुढे सोव्हिएत संघात गेला आणि आज तो युक्रेनमध्ये आहे. बाजार, सोयरिकी, रस्ते सगळे मधोमध चिरले गेले. सिगेतला येणारा लोहमार्गही पलीकडच्या काठावरून येत असे. 1949 मध्ये साल्वा ते विशेऊ हा मार्ग पुरा झाला, तेव्हा कुठे शहर स्वतःच्या देशाशी रुळांनी थेट जोडले गेले. नदीवरचा लाकडी पूल 2007 मध्ये पुन्हा खुला झाला. 2022 मध्ये युद्धातून निसटलेल्या युक्रेनी बायका आणि मुले याच पुलावरून चालत सिगेतमध्ये आली.

1930 च्या जनगणनेत शहराच्या वस्तीत तीनांत एकाहून अधिक माणसे ज्यू होती. 1940 ते 1944 या काळात सिगेत पुन्हा हंगेरीच्या ताब्यात होते. 1944 च्या वसंतात इथल्या आणि भोवतालच्या खेड्यांतल्या ज्यूंना शहरातल्या घेटोत, म्हणजे वेगळ्या पाडलेल्या बंदिस्त वस्तीत, कोंडण्यात आले आणि मे महिन्यात रेल्वेने ऑशविट्झच्या नाझी मृत्यूछावणीत पाठवण्यात आले. त्यांत पंधरा वर्षांचे एली वीझेल होते; पुढे 1986 मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. त्यांच्या जन्मघरात आता संग्रहालय आहे. शहरात एक सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, शिल्लक आहे. गावोगावच्या टेकड्यांवर ज्यू थडग्यांच्या हिब्रू अक्षरांच्या शिळा दिसतात, पण त्या गावांत ज्यू कुटुंब बहुधा उरलेले नसते. लाकडी चर्चच्या ओढीने आलेल्या माणसाने या शिळांपाशीही थांबावे.

शहराच्या मध्यभागीच 1897 मध्ये बांधलेला तुरुंग आहे. 1950 पासून कम्युनिस्ट राजवटीने तो माजी मंत्री, सेनाधिकारी, विद्वान आणि बिशप यांना गुपचूप डांबण्यासाठी वापरला. सोव्हिएत सीमा हाकेच्या अंतरावर असल्याने सुटका अशक्यच होती. माजी पंतप्रधान यूलिऊ मानिऊ आणि इतिहासकार गेओर्गे ब्रातियानू दोघेही 1953 मध्ये इथेच वारले. पन्नासहून अधिक कैदी इथे मेले. त्यांचे देह रात्री नेऊन खुणेवाचून पुरले गेले. 1990 च्या दशकात कवयित्री आना ब्लांदियाना यांच्या पुढाकाराने या इमारतीचे स्मारक झाले. एकेका कोठडीत एकेक विषय मांडला आहे : निवडणुकीतली फसवणूक, शेतीचे सक्तीचे सामूहिकीकरण, चर्चवरची बंदी.

शेवटचा विषय थेट खेड्यांत नेतो. मारामुरेशमधली अनेक गावे ग्रीक-कॅथलिक पंथाची होती, म्हणजे पूजाविधी पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स परंपरेचा आणि निष्ठा रोमच्या पोपवर. 1948 मध्ये सरकारने हा पंथच रद्द केला आणि चर्च ऑर्थोडॉक्स संघटनेकडे दिली. नकार देणाऱ्या बिशपांपैकी काहींना सिगेतच्या तुरुंगात मरण आले. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमानियात येऊन नकार देणाऱ्या सात बिशपांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीचे, घोषित केले. हे ठाऊक असले की येऊदसारख्या गावात चर्चच्या मालकीविषयी म्हातारी माणसे इतकी जपून का बोलतात, हे उमगते.

मारामुरेशमधली आठ लाकडी चर्च 1999 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. बर्साना, बुदेश्ती, देसेश्ती, येऊद आणि पोयेनिले इझेई इथली पाच सिगेतच्या बाजूला आहेत. शुर्देश्ती, प्लोपिश आणि रोगोझ इथली तीन गुतिनच्या दक्षिणेला. बहुतेक सतराव्या-अठराव्या शतकांतली आहेत. जाड चौकोनी ओंडके आडवे रचून, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवले जातात. छप्पर उभ्या उताराचे, त्यावर हाताने चिरलेल्या लाकडी फळ्यांची कौले, आणि पश्चिमेच्या टोकाला सुईसारखा मनोरा. शुर्देश्तीचा मनोरा 54 मीटर उंच आहे. आत शिरताना मान वाकवावी लागते आणि डोळे अंधाराला सरावल्यावर भिंतींवरची चित्रे दिसू लागतात. पोयेनिले इझेईच्या प्रवेशदालनातला नरक आवर्जून पाहावा. कोणत्या पापाला कोणती शिक्षा हे तिथे इतके नेमके रंगवले आहे की वाचता न येणाऱ्यालाही सांगावे लागू नये.

ही सुतारी अजून जिवंत आहे. बर्सानाचा मठ 1990 च्या दशकापासून उभा राहिला. सपन्त्साजवळच्या पेरी मठाचे लाकडी चर्च तर 70 मीटरहून उंच आहे. दोन्ही कामे इथल्याच सुतारांच्या हातची. काही प्रवासी नवे म्हणून त्यांना नाक मुरडतात. मला उलट वाटते : जुनी चर्च टिकायची तर कुजलेला ओंडका बदलणारा हात गावात असावा लागतो, आणि तो हात नव्या कामांवरच तयार होतो. घरापुढचे ओकचे दरवाजेही याच कसबाचे. तीन खांब, वर छप्पर, खांबांवर पीळदार दोर, सूर्य आणि जीवनवृक्ष कोरलेले. पूर्वी असा दरवाजा छोट्या जमीनदार घराण्यांचा मान होता. आता इटलीत किंवा स्पेनमध्ये राबून आलेला तरुण सिमेंटचे दुमजली घर बांधतो आणि त्याच्यापुढेही कोरीव दरवाजा उभा करतो.

सपन्त्सा गाव सिगेतपासून सुमारे 18 किलोमीटरवर आहे. तिथले ‘आनंदी कब्रस्तान’ जगभर माहीत आहे. स्तान योन पत्राश (1908–1977) या गावच्याच कारागिराने 1935 च्या सुमारास ओकचे क्रूस कोरून गडद निळ्या रंगात रंगवायला सुरुवात केली. वर मृत माणसाचे चित्र, खाली त्याच्याच तोंडी गावच्या बोलीतल्या ओळी. कोणी सूत काततो आहे, कोणी ट्रॅक्टरवर बसला आहे, कोणी बाटली घेऊन. पत्राश यांच्यामागे त्यांचे शिष्य दुमित्रू पॉप यांनी काम चालवले. क्रूस आता आठशेहून अधिक आहेत. ‘आनंदी’ हे विशेषण पर्यटकांना भावते, पण ते पुरे नाही. सासूवरच्या मिश्किल ओळींशेजारीच टॅक्सीखाली गेलेल्या चिमुरडीचा क्रूस आहे आणि त्यावर त्या टॅक्सीला दिलेला तळतळाट आहे. ओळी वाचून दाखवणारे कोणी सोबत नसेल तर नुसते रंग पाहून माणूस परततो.

डोंगराळ भागातली बरीच शेते सामूहिक शेतीतून वाचली, म्हणून इथे अजून छोटी खातेदारी आणि हाताने होणारी गवतकापणी दिसते. जूनपासून कुटुंबे लांब दांड्याच्या विळ्यांनी कुरणे कापतात, गवत लाकडी घोड्यांवर वाळवतात आणि मधोमध खांब रोवून गंजी रचतात. वसंतात मेंढ्या डोंगरावर नेताना दूधमापणीचा दिवस असतो. प्रत्येक घर आपल्या मेंढ्या पिळते, दूध सगळ्यांसमक्ष मोजले जाते आणि त्या मापावरून कोणाला हंगामभर किती चीज मिळणार ते ठरते. मेंढपाळ, मालक आणि गाव यांच्यातला हा करार तोंडी असतो आणि पाळला जातो. हेच मेंढीचे चीज मामालिगाबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट घाट्याबरोबर, पाहुण्याच्या ताटात येते. आधी होरिंका नावाची फळांची कडक दारू पुढे केली जाते. ती नम्रपणे नाकारली तरी कोणी रागावत नाही.

विशेऊ दे सुस हे गाव सिगेतपासून सुमारे 60 किलोमीटरवर आहे. तिथून वासेर खोऱ्यात 760 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर वाफेची छोटी गाडी जाते. 1930 च्या दशकात हा मार्ग लाकूड वाहण्यासाठी घातला गेला आणि त्यावरून पर्यटकांबरोबर अजूनही ओंडके उतरतात.

सिगेतला पोचण्यासाठी क्लुझ किंवा बाया मारेपर्यंत विमान आणि पुढे रस्ता सोयीचा. बाया मारेहून येणारा रस्ता 987 मीटर उंचीची गुतिन खिंड ओलांडतो. गावांना बस मोजक्या असतात, रविवारी तर त्याहून कमी. भाड्याची मोटार किंवा यजमानाची गाडी बरी. तरीही रविवारच चांगला, कारण त्या दिवशी बायका पुढे-मागे बांधायची आडव्या पट्ट्यांची लोकरी वस्त्रे आणि पुरुष छोट्या गवती टोप्या घालून प्रार्थनेला जातात. फोटोआधी विचारावे, आणि प्रार्थना चालू असताना आत हिंडू नये. 27 डिसेंबरला सिगेतमध्ये मुखवटे, घंटा आणि हिवाळी गाण्यांचा मोठा उत्सव भरतो. रोमानिया 1 जानेवारी 2025 पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांत सरहद्दीवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, पुरता सामील झाल्याने भारतीय प्रवाशाला आता शेंगेन व्हिसावर बुडापेस्टमार्गेही इथे येता येते.