सरासरी वाढती, तरी वंश बुडतो

कागदावर एक टिंब काढा आणि नाणं उडवा. छापा आला तर टिंबाला दोन फांद्या, काटा आला तर ती ओळ तिथेच खुंटली, आणि प्रत्येक नव्या टोकाला परत तेच. मी हे पाच-सहा वेळा करून बघितलं, बहुतेक झाडं इतक्या लवकर आटोपली की पानही भरलं नाही.

हिशोब केला की नवल वाटत नाही. पहिल्याच फेकीत निम्मी झाडं गेली, तिसऱ्या पिढीपर्यंत जवळपास 70 टक्के, आणि कितीही वेळ दिला तर शेवटी सगळीच. पण प्रत्येक टोकाला सरासरी एक पोर आहे ना, म्हणजे लोकसंख्या तर स्थिर हवी, मग ती सरासरी जाते कुठे? जी मोजकी झाडं टिकतात ती बेफाम फोफावतात. 100व्या पिढीला साधारण 2 टक्केच उरतात, पण त्या प्रत्येकात सरासरी 50च्या आसपास टोकं असतात.

आडनावंही अशाच झाडासारखी मुलग्यांच्या फांद्यांतून पुढे जातात. ती का नाहीशी होतात हा प्रश्न इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने 1873 मध्ये छापून विचारला, हेन्री वॉटसन या पाद्र्याने तो सोडवायला घेतला आणि चुकला. समजा प्रत्येकाला एकही मुलगा नसण्याची शक्यता पाव, एक असण्याची पाव, दोन असण्याची अर्धी. सरासरी 1.25, म्हणजे वाढती. वंश बुडण्याची शक्यता 'क' धरली तर क = 1/4 + क/4 + क²/2, कारण दोन मुलगे असले तर दोघांचेही वंश बुडायला हवेत. याची उत्तरं दोन, 1 आणि 1/2. यातलं 1 हे उत्तर अशा समीकरणात नेहमीच असतं, वॉटसन तेच धरून बसला आणि म्हणाला सगळी आडनावं बुडणार! खरं उत्तर लहानवालं, 1/2. (फ्रान्समध्ये बियेनेमे या संख्याशास्त्रज्ञाला 1845 मध्येच बरोबर नियम कळला होता, पण लक्ष कोण देतंय.)

तरी निम्मे वंश बुडतातच हं, सरासरी वाढती असून.

जीवशास्त्रात हे जास्त टोचतं. जीवशास्त्रज्ञ हॉल्डेनने 1927 मध्ये दाखवलं की 1 टक्का फायदा देणारं, म्हणजे सरासरी पोरं 1 ऐवजी 1.01 करणारं, नवं म्युटेशन (जनुकातला अचानक झालेला बदल) टिकण्याची शक्यता जेमतेम 2 टक्के, बाकी 98 वेळा ते चांगलं असूनही नुसत्या योगायोगाने पुसलं जातं. तेच म्युटेशन कसंबसं 100 जणांत पोचलं, की सगळ्याच्या सगळ्या 100 ओळी बुडण्याची शक्यता 13 टक्क्यांवर येते.