दिवसा पेटलेला दिवा हा बेफिकिरीचा पुरावा नव्हे

साताऱ्यात पोवई नाक्यावर असो वा यवतेश्वर घाटात, भर दुपारी हेडलाइट लावून येणारा मोटारसायकलस्वार एकतर विसरभोळा किंवा मिजासखोर असतो, हा समज अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे. १ एप्रिल २०१७ पासून भारतातील नव्या दुचाकींमध्ये इंजिन सुरू होताच दिवा आपोआप लागतो आणि तो बंद करण्याचे बटणच नसते. समोरून दुचाकी अरुंद दिसत असल्याने ती, विशेषतः घाटातील सावलीच्या वळणांवर, समोरच्या चालकाच्या नजरेतून सहज निसटते. दिव्यामुळे ती लवकर ध्यानात येते. ‘दिवा चालू राहिलाय’ अशी बोटे उघडमीट करून खूण करणाऱ्यांचा हेतू खरोखर चांगला असतो, परंतु त्यामुळे स्वाराचे लक्ष रस्त्यावरून हटते. डोळ्यांवर येणारा अप्पर मात्र त्रासदायकच, आणि तो डिपरवर घेणे स्वाराच्या हातात असते.