योसेमिटीच्या रानात मुक्काम करायचाय? परवाना, पात्रता आणि कागदपत्रं

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये रस्ता सोडून रानात एक रात्र जरी काढायची असेल, तरी ‘विल्डरनेस परमिट’ लागतं, आणि तेही वर्षाचे बाराही महिने. दिवसभर चालून संध्याकाळी परत येणाऱ्यांना ते नको. अपवाद फक्त हाफ डोम या उंच खडकाळ सुळक्याचा. तिथल्या तारांच्या आधाराने माथ्यावर चढायचं असेल, तर दिवसाच्या फेरीलाही वेगळा परवाना आणि त्याची वेगळी सोडत असते.

अप्पर पाइन्ससारख्या गाडीने पोहोचता येणाऱ्या कॅम्पग्राउंडवर राहायचं असेल, तर हा अर्ज तुमच्यासाठी नाही. तिथे फक्त जागेचं आरक्षण करावं लागतं. एका जागेत लहान मुलं धरून सहाच माणसं राहू शकतात, आणि रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते. रस्त्याकडेला गाडी लावून आत झोपायला मात्र कुठेच परवानगी नाही.

आता रानाच्या परवान्याकडे वळू. अर्ज कोणीही करू शकतं, अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. अर्ज रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतो. गर्दीच्या मोसमात, म्हणजे साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबर, प्रत्येक ट्रेलहेडवरून, म्हणजे पायवाट जिथून सुरू होते त्या जागेवरून, दिवसाला ठरावीक माणसांनाच आत सोडतात. त्यातल्या ६० टक्के जागा २४ आठवडे आधीच्या सोडतीत जातात आणि उरलेल्या ४० टक्के निघण्याच्या सात दिवस आधी खुल्या होतात. म्हणून सोडतीत नाव आलं नाही तर बेत मोडू नका. तारीख थोडी मागेपुढे करायची तयारी असेल आणि कमी नावाजलेली वाट चालत असेल, तर सात दिवसांवाल्या फेरीत संधी बरी असते.

अर्जात सगळ्यात जपून भरायचा रकाना ट्रेलहेडचा. परवाना त्या वाटेने, त्या तारखेला आत शिरण्यासाठीच असतो. दुसरीकडून निघालात तर तो चालत नाही. दुसरा महत्त्वाचा रकाना माणसांच्या संख्येचा. वाटेवरून चालणाऱ्या गटात जास्तीत जास्त १५ आणि वाट सोडून जाणाऱ्या गटात ८ जण चालतात. मोठा गट दोन परवान्यांत विभागून पुढे एकत्र तळ ठोकणं म्हणजे नियमालाच बगल देणं. कृपया तसं करू नका. एका जागी खूप माणसं उतरली की तिथलं गवत आणि माती तुडवली जाते, आणि उंचावरचं गवत सावरायला फार काळ लागतो.

तिसरा रकाना गटप्रमुखाचा. परवाना हस्तांतरित होत नाही, त्यामुळे ज्याचं येणं पक्कं आहे त्याचंच नाव द्या आणि पर्यायी प्रमुख म्हणून दुसरं नावही तिथेच भरा. परवाना केंद्रावर या दोघांपैकी एकाने फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन प्रत्यक्ष जावं लागतं. भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. परवान्याचा कागद चालताना सोबत हवा, कारण रेंजर वाटेत तो मागू शकतात.

कागदपत्रांइतकीच सक्तीची वस्तू म्हणजे बेअर कॅनिस्टर, अस्वलाला उघडता न येणारा कडक डबा. योसेमिटीच्या सगळ्या रानात तो लागतो; खाणं झाडाला टांगून ठेवायला मनाई आहे. स्वतःचा नसेल तर परवाना केंद्रावर भाड्याने मिळतो. त्यात फक्त जेवण नाही, तर टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन आणि कचराही, वास येणारं सगळंच ठेवायचं असतं. सगळं मावतंय का, हे निघण्याआधीच बघा. रात्री डबा तंबूपासून दूर, कड्यापासून आणि पाण्यापासूनही लांब ठेवा, म्हणजे अस्वलाने ढकलला तरी गडगडत जाणार नाही. ट्रेलहेडवर उभ्या केलेल्या गाडीतही खाणं ठेवू नका. त्यासाठी तिथे लोखंडी पेट्या असतात. हा नियम मला सगळ्यात कळकळीने सांगावासा वाटतो. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल धीट होतं, तळावर येऊ लागतं, आणि शेवटी कित्येकदा त्यालाच मारावं लागतं. आपल्या निष्काळजीपणाची किंमत त्या जनावराने का मोजावी?

परवाना घेताना बाकीच्या अटीही मान्य कराव्या लागतात. तंबू पाण्यापासून आणि वाटेपासून किमान १०० फूट लांब हवा. योसेमिटी व्हॅली किंवा टुओलमी मेडोजसारख्या वस्तीच्या भागापासून वाटेने चार मैल गेल्याशिवाय तळ टाकता येत नाही. शेकोटी ९,६०० फुटांच्या वर मुळीच नाही, खाली असेल तर आधीपासून असलेल्या दगडांच्या रिंगणातच. आणि वणव्याच्या दिवसांत तीही बंद होऊ शकते. शौचासाठी सहा इंच खोल खड्डा, तोही पाण्यापासून १०० फूट दूर. वापरलेला कागद पुरायचा नाही, पिशवीत बांधून परत आणायचा. कुत्रा रानात नेता येत नाही.

परवान्यावर परतीची तारीख आहे म्हणून उशीर झाल्यावर आपोआप कोणी शोधायला येईल, अशा भरवशावर राहू नका. वाट, मुक्काम आणि परतायची वेळ घरच्या माणसाला लिहून द्या.

आणि बेत रद्द झाला तर आरक्षणही लगेच रद्द करा, म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाला मिळू शकेल.