घरचा बॅकअप नेटवर्कवर कसा पोचला

फोटो सीडीवर राइट करायचे, मार्करने तारीख टाकायची आणि डबी कपाटात ठेवायची, अशी घरच्या बॅकअपची पद्धत बरीच वर्षं होती. डिस्क जायची ती मात्र नेमकी बॅकअप राहून गेलेल्या महिन्यात. कुणाला आठवण न करता बॅकअप व्हायचा, तर दुसरी डिस्क सतत जोडलेली हवी, म्हणजे नेटवर्कवर हवी.

फाइल शेअर करण्याची एसएमबी ही पद्धत आयबीएममध्ये १९८०च्या दशकात तयार झाली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्ये रुजवली. डिसेंबर १९९१मध्ये कॅनबेरात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने केबलवरून जाणारी पॅकेट्स न्याहाळत फाइल सर्व्हरची ही भाषा उलगडली. त्यातून एसएमबीची भाषा बोलणारं 'सांबा' हे सॉफ्टवेअर घडलं. शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द शोधताना हे नाव सापडलं! आज घरोघरच्या लिनक्सवाल्या नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डबीत, बहुधा सांबाच असतं. शिवाय १९९६मध्ये ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी फाइलच्या प्रती जुळवत ठेवणारं आरसिंक हे सॉफ्टवेअर दिलं. फाइलचा बदललेला भागच ते पाठवतं. मला या दोघांचे उपकार फार मोठे वाटतात.

मग २००७ उजाडलं. विंडोज होम सर्व्हर घरातल्या सगळ्या पीसींचा बॅकअप घेई आणि सारखा डेटा एकदाच साठवी. ऑक्टोबरमध्ये ॲपलचं टाइम मशीन आलं: दर तासाला बॅकअप, न बदललेल्या फाइलची नवी प्रत नाही. पुढच्या वर्षी डिस्क आणि वायफाय राउटर एकाच डबीत घालून टाइम कॅप्सूल आलं, ५०० जीबी किंवा १ टीबीचं. नेटवर्कवरचा हा बॅकअप नॅसवर उघडून पाहा. स्पार्सबंडल नावाचं एक फोल्डर दिसतं, त्यात 'बँड्स', आणि त्यात ०, १, २... a, b अशा नावांचे छोटे तुकडे. बदल झाला की तेवढेच तुकडे पुन्हा लिहिले जातात.

विंडोज ७च्या होम प्रीमियममध्ये मात्र नेटवर्कवर बॅकअप घेण्याची सोयच नव्हती. घरासाठीच्या आवृत्तीतून हेच वगळणं मला आजही पटत नाही. विंडोज ८च्या फाइल हिस्टरीने २०१२मध्ये ती उणीव भरली.

सतत जोडलेल्या ड्राइव्हचा धोका रॅन्समवेअरने, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, दाखवला. मे २०१७मध्ये वॉनाक्राय एसएमबीच्याच जुन्या आवृत्तीतल्या दोषातून पसरला. पीसीला ड्राइव्हवर लिहिता येतं, तर पीसीत शिरलेल्या व्हायरसलाही येतं. तेव्हापासून नॅसवर बॅकअपसाठी वेगळं लॉगिन ठेवणं आणि पीसीला पुसता न येणारे स्नॅपशॉट (त्या-त्या वेळच्या डेटाची जपलेली स्थिती) चालू करणं जाणकार आवर्जून सांगतात.