लपवाछपवीचा कौटुंबिक विनोदपट

लपवाछपवीचा कौटुंबिक विनोदपट : एकाच घरातली माणसे एकमेकांपासून काहीतरी दडवत असतात आणि ते दडवून ठेवताना त्यांची जी तारांबळ उडते तिच्यावर ज्याचा विनोद उभा असतो, असा चित्रपटप्रकार. कर्ज, सुटलेली नोकरी, परस्पर उरकलेले लग्न, आजार, मृत्युपत्र, कोणतेही गुपित चालते. ते किती मोठे आहे यापेक्षा आधीच किती जणांना ठाऊक आहे, हे महत्त्वाचे. ‘गुड बाय लेनिन!’ (2003) या जर्मन चित्रपटात बर्लिनची भिंत पडली ही गोष्ट मुलगा आजारी आईपासून लपवतो. नव्या बाजारातला माल जुन्या बरण्यांत भरतो, खोट्या बातम्या चित्रित करून तिला दाखवतो. शेवटी आईला खरे कळलेले असते, पण ती मुलाला तसे भासू देत नाही. या प्रकाराचे सगळे मर्म त्या न बोलण्यात आहे.

प्रहसन हा नाट्यशास्त्रातल्या दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, एक, त्यामुळे हसवणुकीचे नाटक आपल्याला नवे नाही. मराठी रंगभूमीवर अत्र्यांच्या ‘साष्टांग नमस्कार’ने (1933) विक्षिप्तांचे अख्खे घरच मंचावर आणले. मात्र तिथे ज्याचे वेड त्याच्या अंगावर उघडे असते. लपवाछपवीसाठी दारे लागतात : एकातून मामा आत येतो तेव्हा दुसऱ्यातून जावई बाहेर पडला पाहिजे. ‘अशी ही बनवाबनवी’त (1988) तर कुटुंबच खोटे आहे, भाड्याच्या खोलीसाठी मित्रांचे नवरा-बायको होतात. हिंदीत ‘गोल माल’मधला (1979) मिशीवाला-बिनमिशीवाला जुळा भाऊ याच वाटेवरचा. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’मध्ये (2003) आईवडील गावाहून येणार म्हणून आख्ख्या अड्ड्याचा दवाखाना होतो. त्याचे दिग्दर्शक राजकुमार हिराणी मूळ नागपूरचे.

नागपुरी घर या प्रकाराला अडचणीचे आहे आणि म्हणूनच सोयीचेही. पहिली अडचण कूलरची. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, लग्नसराईही तेव्हाच असते, आणि खिडकीतला कूलर असा घरघरतो की शेजारी बसलेल्यालाही ओरडून सांगावे लागते. कुजबुज ही चीज उन्हाळ्यात या शहरात चालतच नाही. मध्येच लाइट गेली, कूलर थांबला, की ओरडून सांगितलेले अर्धे वाक्य सगळ्या बैठकीला ऐकू जाते. यापेक्षा चांगला प्रवेश पटकथाकाराला आयता कुठे मिळायचा?

दुसरी अडचण भाषेची. 1956 पर्यंत नागपूर ही आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. हिंदी इथल्या उंबऱ्याच्या आतली आहे. इतरत्र मोठी माणसे पोरांपासून काही लपवायचे झाले की हिंदीत बोलतात. इथे ती युक्ती चालत नाही. पोट्टे उलट हिंदीतच उत्तर देते.

तिसरी गोष्ट वासाची. हलबा कोष्टी समाजाच्या स्वयंपाकातून आलेले सावजी मटण हे शाकाहारी घरातल्या मुलांचे ठरलेले गुपित. गाडी आडोशाला लावून खाल्ले, साबणाने दोनदा हात धुतले, तरी तो काळा मसाला बोटांवरून सहजी उतरत नाही. आईने जेवायला बसवून हातावर वरणभात कालवायला लावला की चौकशी पूर्ण होते. ती काही बोलत नाही, फक्त ‘अजून घे’ म्हणते.

याच शहरात घरभेद्याचे नाव रस्त्यावर पुकारण्याची रीतही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. काळी मारबत ही भोसले घराण्यातल्या बाकाबाईंचे, म्हणजे इंग्रजांना मिळाल्याचा ठपका असलेल्या घरच्याच बाईचे प्रतीक, असे लोक मानतात. राजघराण्याचे भांडण दरवर्षी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत वाजतगाजत जाळायचे आणि स्वतःच्या घरातली वाटणी मात्र माजघरात दाबून ठेवायची, हा विरोध चित्रपटवाल्यांनी अजून पुरता वापरलेला दिसत नाही.

विनोद कुठे संपतो हे पाहायला नागपूरकर महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (1985) हे नाटक हाताशी ठेवावे. वडिलांच्या मृत्यूनंतर जमलेले भाऊ, तेरवीच्या खर्चावरून ताणाताणी, दागिने घेऊन पळालेली मुलगी आणि वर घराण्याची अब्रू : सगळी सामग्री फार्सचीच आहे. फ्रँक ओझच्या ‘डेथ अॅट अ फ्यूनरल’ने (2007) बापाच्या अंत्यसंस्कारातच गुपित फोडून हसवले. एलकुंचवारांच्या वाड्यात हसू येत नाही, कारण तिथे लपवायला जागा आहे पण पळायला दार नाही. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे आणि माणसेही तिथेच.

मराठी पडद्यावर वऱ्हाडी किंवा नागपुरी बोली बहुतेक वेळा एकाच पात्राच्या वाट्याला येते आणि ते पात्र तोंड उघडताच प्रेक्षक हसतात. नागपुरी घरावरच्या लपवाछपवीच्या चित्रपटात ही सोय राहत नाही. आजोबांपासून नातीपर्यंत सगळेच ‘काय करून राहिला’ म्हणणार. मग बोलीवर हसणे बंद होते आणि कोण काय बोलायचे टाळतो आहे, तिकडे कान जातो.